मास्टरचं गोदाम

मास्टरना माणसांची नावं लक्षात राहत नसत, मापं राहत. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की ते आधी खांदे बघायचे, मग बाहीची लांबी, आणि वेळ उरला तर चेहरा. एका लग्नात त्यांनी स्टेजवरच्या नवरदेवाला लांबूनच ओळखलं, पण नाव काही केल्या आठवेना. शेवटी म्हणाले, "तो नाय का, डावा खांदा अर्धा इंच खाली." मी नीट पाहिलं तर नवरदेव खरंच डावीकडं कललेला. मला ते पहिली दोन वर्षं 'साडेतेरा' म्हणायचे. साडेतेरा हा माझा खांदा. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या नाटकात राणी, आणि राणीला एक टेलर मास्टर सगळ्यांदेखत साडेतेरा म्हणतो म्हणजे काय? मी फणकारले. त्यांनी तोंडात धरलेल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या आणि शांतपणे म्हणाले, "नाकाचं माप अजून घेतलं नाय बेटा. ते मोठं दिसतंय."

सगळे हसले, मीसुद्धा हसले. माझ्या नाकाबद्दल त्यांचा अंदाज किती बरोबर होता ते कळायला मला पंचवीस-तीस वर्षं लागली, आणि तेव्हा हसायला काही उरलं नव्हतं.

शहागंजात, चौकाच्या तोंडाशीच त्यांचं दुकान होतं. दहा बाय बाराचं असेल, पण जागा मोक्याची. लग्नाच्या शेरवान्या, शाळांचे गणवेश, आणि शहरातल्या झाडून सगळ्या हौशी नाटकांचे कपडे. मास्टर घरात दखनी उर्दू बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि जीव लागला किंवा राग आला की दोन्हीची खिचडी. नाटकाच्या कपड्यांत कमाई ती काय असणार, पण ते काम त्यांनी कधी कारागिराच्या हातात दिलं नाही. "शेरवानी घालून माणूस फोटो काढतो," असं म्हणायचे, "तुमचे कपडे घालून माणूस बोलतो. बोलताना बाही वर चढायला नक्को."

आमच्या तालमींना जागा नव्हती. कॉलेजचा हॉल सहाला बंद व्हायचा, देवळाच्या सभामंडपात भजन असायचं, शाळेच्या मैदानावरून वॉचमन हाकलायचा. एकदा मापं द्यायला आम्ही नऊ जण दुकानात गेलो आणि इस्त्रीच्या टेबलाचं सिंहासन करून अख्खा दुसरा अंक तिथंच म्हणून टाकला. मास्टर खाली मान घालून कापत होते. अंक संपला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की समोरच्या शेरवानीच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्यात. कुणा बड्या घरच्या नवरदेवाची होती ती. त्या दोन डाव्या बाह्या मांडीवर घेऊन ते जरा वेळ बसून राहिले. आम्ही चपला शोधायला लागलो, कारण आता शिव्या बसणार हे नक्की होतं. ते म्हणाले, "जागा पायजे तुम्हाला. माझं कापड खराब होतं."

माणसं असलं काही बोलतात आणि विसरतात. हे विसरले नाहीत. औरंगपुऱ्याच्या मागच्या एका गल्लीत कापडाच्या व्यापाऱ्याचं पत्र्याचं गोदाम रिकामं पडलं होतं. तो व्यापारी धंदा आवरून पुण्याला निघाला होता आणि जावयासाठी त्याला शहागंजात, चौकातच, एक दुकान हवं होतं. मास्टरनी आपलं दुकान त्याला दिलं आणि गोदाम घेतलं. चौकातलं चालतं दुकान देऊन गल्लीतलं गोदाम घेणारा माणूस बाजारानं तोवर पाहिला नव्हता. गोदामाच्या तोंडाशी त्यांनी आपलं मशीन टाकलं, आणि मागची सगळी जागा झाडून मोकळी ठेवली. जुनी गिऱ्हाइकं गल्लीपर्यंत आली नाहीत. निम्मी तरी तुटली असतील.

खाला, म्हणजे त्यांच्या घरच्या, दीड महिना त्यांच्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, पण ताट जरा जोरात ठेवायच्या. मुलगी नसरीन तेव्हा शाळेत होती. ती मला म्हणाली, "दीदी, अब्बांनी दुकान देऊन अंधार घेतला." ते काही खोटं नव्हतं. त्या गोदामाला एक दार होतं आणि खिडकी एकही नव्हती.

मग सुरू झालं मास्टरांचं मागणं. लोकांना वाटतं, कलेसाठी जागा उभी करायची म्हणजे आधी पावतीपुस्तक छापायचं. मास्टर पैशाला हात लावत नसत. कुणी नोट पुढं केली की दोन पावलं मागं सरकायचे. "पैसा दिला की माणूस हिशोब बघायला येतो," असं त्यांचं म्हणणं, "दरवाजा दिला की दरवाजा बघायला येतो. मला दुसरा माणूस पायजे." म्हणून ते वस्तू मागायचे. कपडे न्यायला आलेल्या प्रत्येकाला विचारायचे, तुमच्याकडं काय पडलंय? एका हार्डवेअरवाल्यानं बिजागऱ्या आणि कड्या दिल्या. एका डॉक्टरीणबाईंनी जुन्या दवाखान्याच्या चार खिडक्या दिल्या, गजासकट. एका निवृत्त तलाठ्यानं सतरंज्या. मी आईचा सागवानी पलंग दिला. आईला जाऊन वर्ष झालं होतं आणि दादाला तो पलंग हवा होता, त्यावरून आम्हा भावाबहिणीत असं काही वाजलं की पुढच्या दोन भाऊबीजांना मी त्याला ओवाळलं नाही. त्या पलंगाच्या फळ्यांतून गोदामाचं पहिलं स्टेज झालं. त्यावर उभं राहून पहिलं वाक्य मीच म्हटलं, कारण तसा माझा हट्ट होता.

बिडकीनकडचा भिकाजी नावाचा गवंडी होता. त्याच्याकडं द्यायला वस्तू नव्हती. तो म्हणाला, "मास्टर, आपल्याकडं काय बी नाय. आईतवार हाय." आणि त्यानं आठ रविवार दिले. सकाळी पहिल्या बसनं यायचा, भिंती फोडून त्या चार खिडक्या बसवायचा, संध्याकाळच्या बसनं जायचा. पहिली खिडकी बसली तेव्हा आतली धूळ उन्हात दिसायला लागली. मास्टर त्या उजेडात मशीन ओढून बसले आणि दिवसभर तिथून हलले नाहीत. त्या दिवशी खालांनी डबा पाठवला. त्यात खिमा होता, म्हणजे भांडण मिटलं होतं.

प्रयोगालाही तिकीट नसायचं. येताना जागेला उपयोगी पडेल असं काहीतरी आणायचं, एवढीच अट. बल्ब, चुना, सुतळी, रंगाचा डबा, काहीही. पण आपले लोक. एका दिवाळीनंतर मोजलं तर सदतीस झाडू जमले होते, कारण लक्ष्मीपूजनाला नवा झाडू आणला की जुना नाटकाला, असा सगळ्यांनी एकाच वेळी विचार केला होता. मास्टर चिडले नाहीत. त्यांनी ते झाडू उलटे उभे करून दोऱ्यानं बांधले आणि मुलांच्या नाटकात त्यांचं जंगल केलं. नाटकातला वाघ त्या जंगलातून बाहेर येताना शिंकत होता, आणि लोकांना वाटलं नाटकात तसंच आहे.

जागा सगळे 'गोदाम'च म्हणायचे. दारावर पाटी नव्हती आणि मास्टर ती लावूही देत नसत. एकदा एक पुढारी आले, पांढऱ्या गाडीतून. माझ्या वडिलांचं नाव द्या, म्हणाले, वरती स्लॅब टाकून देतो, खुर्च्या देतो, एसी देतो. मास्टर त्यांच्या कोटाकडं बघत नको म्हणाले. पुढारी उठून गेल्यावर आम्ही सगळे मास्टरांवर तुटून पडलो, की निदान विचार करतो म्हणायचं. मास्टर म्हणाले, "नाव लावलं की मालक तयार होतो. आज बापाचं नाव लागंल, उद्या कुणाला आत घ्यायचं ते तो सांगंल." मग मशीनला दोरा ओवत पुढं म्हणाले, "आणि कोट बी त्याच्या मापाचा नव्हता." त्यांचं ते नावाचं वाक्य मला इतकं आवडलं की पुढं मी ते जिथं तिथं वापरलं. ऑफिसात, घरी, सासरी. वापरून वापरून ते माझंच झालं.

पुढं विजेच्या जोडणीला कागद लागायला लागले, तेव्हा ट्रस्ट करायचं ठरलं. आमच्या नाटकात माझ्यासमोर राजा झालेला मुलगा तोवर वकील झाला होता. त्याला आम्ही अजूनही राजाच म्हणतो. राजानं मास्टरना विचारलं, विश्वस्त म्हणून कुणाची नावं टाकू? मास्टर म्हणाले, "ज्यानं ज्यानं दिलं तो." राजा म्हणाला, "मास्टर, ट्रस्ट करतोय, वऱ्हाड नाही नेत." पण मास्टर हटले नाहीत. बिजागऱ्यावाला, डॉक्टरीणबाई, तलाठी, भिकाजी, मी, राजा आणि मास्टर स्वतः, असे तेवीस विश्वस्त झाले. वर मास्टरनी एक कलम घालून घेतलं की सगळ्यांच्या सह्या असल्याशिवाय कुठलाही करार होणार नाही. "एकाला न विचारता दुसऱ्यानं खिळा ठोकायचा नाय," म्हणाले. राजानं कपाळाला हात लावला आणि वकिलांच्या रिवाजाप्रमाणे आणखी पाच-सहा कलमं आपल्या मनानं घातली. ती आम्ही कुणी वाचली नाहीत. तेवीस सह्यांचा तो कागद ही मास्टरांची सर्वांत मोठी चूक होती. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तिला टाळ्या वाजवल्या.

पंधरा-सोळा वर्षं ते गोदाम चाललं. सकाळी मुलींचा नाचाचा क्लास, दुपारी मूकबधिर शाळेची मुलं, संध्याकाळी कव्वालीवाले नाहीतर पोवाडेवाले नाहीतर कुणी नवीन नाटकवाले. मास्टर तोंडाशी बसून शिवत असत आणि आत काय चाललंय ते पाठीनं ऐकत. माझं लग्न झालं, विमा ऑफिसात नोकरी लागली, स्टेज सुटलं. पण गोदामाची एक किल्ली माझ्याकडं असायची आणि रविवारी मी जायचेच. मास्टर मला बाकीच्यांसारखं वागवत नसत. बाकीच्यांना चहा विचारायचे, मला करायला लावायचे. बाकीच्यांना या बसा, मला 'कुठं मेली होतीस इतके दिवस'. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटत नव्हतं. घरच्या माणसाला आपण घरचे आहोत हे वेगळं जाणवत नाही.

मग छप्पर गेलं. एकदम नाही. आधी वळवाच्या वादळात एक पत्रा उडाला, तो बांधला. मग छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्यांना वाळवी लागलेली दिसली. एका शनिवारी नाचाच्या क्लासमध्ये वरून लाकडाचा तुकडा पडला आणि एका मुलीच्या पायाला लागलं. फार नाही, तीन टाके. पण तिच्या वडिलांनी तक्रार केली, त्यांचं बरोबरच होतं, आणि नोटीस आली की इमारत धोकादायक आहे, दुरुस्त करा नाहीतर बंद करा. छपराचं काम वस्तू मागून होणारं नव्हतं. लोखंडी कैच्या, नवे पत्रे, सगळी वायरिंग, आगीचं सामान. मास्टर तेव्हा सत्तरीला टेकले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं.

बिडकीनकडं नवी औद्योगिक वसाहत झाली आहे, तिथल्या एका कंपनीकडं समाजकार्यासाठीचा निधी होता. राजानं खटपट केली. कंपनीची माणसं येऊन गोदाम बघून गेली आणि सगळं छप्पर करून द्यायला तयार झाली. अटी दोनच. दारावर कंपनीचं नाव लागेल, आणि मार्चअखेरच्या आत करारावर सगळ्या विश्वस्तांच्या सह्या हव्यात.

तेवीसांपैकी पाच जण तोवर देवाघरी गेले होते. उरलेल्या अठरांच्या सह्यांसाठी मास्टर निघाले. तलाठी नाशिकला मुलीकडं होते, तिथं गेले. डॉक्टरीणबाई पुण्यात, तिथं गेले. भिकाजीची जमीन वसाहतीत गेली होती आणि तो आता एका गेटवर बसत होता, त्याच्याकडं एसटीनं गेले. भिकाजी अंगठा उठवताना म्हणाला म्हणे, "आठ आईतवाराची लई वर्षं चाकरी करून घेतली राव तुम्ही." एका डोळ्यानं धड दिसत नसताना हा माणूस पिशवीत कागद घालून तीन आठवडे हिंडत होता.

आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. मला कळलं ते राजाच्या बायकोकडून, भाजी घेताना. "झाल्या का गं सगळ्यांच्या सह्या?" तिनं सहज विचारलं. मी म्हटलं, कसल्या? तिनं सगळं सांगितलं. माझ्या हातात मेथीची जुडी होती, ती तशीच परत ठेवून मी घरी आले. गावाला माहीत, नाशिकला माहीत, आणि जिच्या आईच्या पलंगावर ही जागा उभी राहिली तिला भाजीवाल्यासमोर कळतंय. लग्नात मानपानावरून रुसून बसणाऱ्या बायकांना मी आयुष्यभर नावं ठेवली. आता माझी पाळी होती आणि मी त्या सगळ्यांच्या वरताण निघाले.

पुढच्या रविवारी दुपारी मास्टर घरी आले. नवऱ्यानं पाणी दिलं. मास्टरनी कापडी पिशवीतून कागद काढला, टीपॉयवर ठेवला, हातानं सुरकुती नीट केली. म्हणाले, "सही राहिली तुझी बेटा."

मी विचारलं, "कितवी?"

"अठरावी. बाकी सगळ्यांच्या झाल्या ना."

ते खुशीत होते. तीन आठवड्यांची वणवण संपली होती, शेवटची सही घरातलीच होती, चहा प्यायचा आणि जायचं. मी कागद वाचला. कंपनीचं नाव कुठं लागणार, किती मोठं लागणार, ते त्यात होतं. मी म्हटलं, "मास्टर, नाव लावलं की मालक तयार होतो. हे कोण म्हणालं होतं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्याकडं पाहिलं. "छप्पर पडंल बेटा," म्हणाले.

"पडू दे. पडलं तर आपलं पडेल, बिननावाचं."

नाटकात काम केल्याचा हा एक मोठा तोटा आहे. वाक्यं तयार येतात. माझा नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, तो म्हणाला, अगं असं काय. मी त्याला गप्प केलं. मला माझं वाक्य आवडलं होतं. खरं तर कंपनीच्या नावाशी मला काही घेणंदेणं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की त्यांनी म्हणावं, चुकलो, तुला आधी विचारायला हवं होतं. पण हे सांगायची लाज वाटत होती, म्हणून तत्त्व पुढं केलं. तत्त्वाच्या मागं लपायला जागा भरपूर असते.

मास्टरनी कागद आपल्याकडं ओढला. मग म्हणाले, "हौ. मीच बोललो होतो." कागदाची घडी घातली, नखानं दाबून कडक केली, पिशवीत ठेवली. चहा पूर्ण प्यायले. दारात चपला घालताना म्हणाले, "जेवत जा वेळेवर. खांदा उतरलाय तुझा."

त्या क्षणी त्यांना परत बोलवायला हवं होतं. नाही बोलावलं. मी ठरवून टाकलं होतं की ते परत येतील, पुन्हा एकदा विचारतील, आणि मग मी सही करेन. सही करायचीच होती हो मला. दुसऱ्यांदा विचारलं की करायची, एवढीच माझी अट होती आणि ती मी कुणाला सांगितलेली नव्हती. रोज संध्याकाळी बेल वाजली की मला वाटायचं, आले. कधी दूधवाला असायचा, कधी शेजारची मुलगी. मार्च संपला. निधी दुसरीकडं कुठंतरी गेला, शाळेच्या बाकांना बहुतेक.

जूनच्या आधी गोदाम बंद करावं लागलं. बंद करण्यापूर्वी मास्टरनी निरोप पाठवले की ज्यानं जे दिलं ते त्यानं घेऊन जावं. काही लोक आले, बरेच आले नाहीत. जे आले नाहीत त्यांच्या वस्तू मास्टरनी स्वतः पोचवल्या. माझ्याकडं एका सकाळी हातगाड्यावरून सागवानी फळ्या आल्या. पंधरा-सोळा वर्षं पायांखाली घासून त्या गुळगुळीत झाल्या होत्या, खिळे काढून टाकलेले, पुसून घेतलेल्या. गाडीवाला म्हणाला, मास्टरनी सांगितलंय, मोजून घ्या. मी मोजल्या नाहीत. त्या आजही माझ्या गॅलरीत भिंतीला टेकून उभ्या आहेत. दादाला फोन करून विचारलं, हव्यात का. तो म्हणाला, आता काय करू त्यांचं.

त्यानंतर मास्टर घरीच शिवायला लागले. थोडंफार, ओळखीच्यांचं. मला वाटलं होतं, बोलणार नाहीत. भाचीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायचा होता, मी मुद्दाम त्यांच्याकडं गेले, भीत भीत. त्यांनी माप घेतलं नाही, अंदाजानं शिवला, आणि तो असा बसला की लग्नात चार जणींनी पत्ता विचारला. गोदामाबद्दल अवाक्षर काढलं नाही. खालांनी मला शिरखुर्मा दिला, डब्यात भरूनही दिला. मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्यांनी नवऱ्याच्या ब्लडप्रेशरची चौकशी केली. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. त्यांनी ती सोयच ठेवली नाही.

गेल्या थंडीत मास्टर गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं नसरीन म्हणाली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले तेव्हा खोली माणसांनी भरली होती. नाचाच्या क्लासमधल्या मुली, आता त्यांच्या कडेवर मुलं. कव्वालीवाले. भिकाजी बिडकीनहून आला होता आणि दाराबाहेर उकिडवा बसला होता. खालांचा हात हातात घेऊन मी बसले. त्यांनी माझा हात सोडला नाही.

निघाले तेव्हा राजा मागून आला. गल्लीच्या वळणावर त्यानं मला थांबवलं आणि चष्मा काढून पुसत राहिला. म्हणाला, "तुला एक सांगायचंय. मास्टरनी शपथ घातली होती, 'मी असेपर्यंत बोलायचं नाही' म्हणून. तुझी सही लागत नव्हती."

मला काही कळलं नाही.

"ट्रस्टच्या घटनेत मीच घातलं होतं कलम," तो म्हणाला. "एखादा विश्वस्त अडून बसला तर बाकी सगळ्यांनी सह्या करून त्याला कमी करता येतं. तू नाही म्हणालीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तो कागद केला. तुला सोडून सतरा सह्या हव्या होत्या. सोळा झाल्या. भिकाजीनंही अंगठा दिला, तुला शिव्या घालत, पण दिला. मास्टरनी केली नाही."

शेजारून एक रिक्षा गेली. ती जाईपर्यंत तो थांबला.

"एकतीस मार्चला दिवसभर त्यांच्याशेजारी बसून होतो, गोदामाच्या दारात. कंपनीचा माणूस पाचला कागद न्यायला येणार होता. किती विनवलं मी. म्हटलं, मास्टर, छप्पर जाईल, ही तुमची सगळी जिंदगी आहे. तर म्हणाले, 'ती घरची हाय वकीलसाब. घरच्याला पयलं आवतण नसतं म्हणून रुसलीय. येईल ती. कागदावरून काढली तर मग कुठं येईल?' तो माणूस पाचला आला. त्याला चहा पाजून साडेपाचपर्यंत बसवून ठेवला. मग गेला तो."

राजानं चष्मा घातला आणि तो मागं वळून मास्टरांच्या घराकडं गेला. त्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे, मी ती नवऱ्यालाही सांगितलेली नाही.

एकतीस मार्चला आमच्या ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नसतो. तरी डोकं दुखतंय असं सांगून त्या दिवशी मी साडेचारलाच बाहेर पडले आणि औरंगपुऱ्यात गेले. गल्लीच्या तोंडाशी रसवंतीचं दुकान आहे, तिथं उभी राहिले. गोदामाच्या दारात मास्टर खुर्ची टाकून बसले होते, हातात शिवण नव्हती. शेजारी राजा हातवारे करून काहीतरी सांगत होता. दोघं माझ्याबद्दलच बोलत असणार असं मला वाटलं आणि उतरलेला राग पुन्हा चढला. पेन माझ्या पर्समध्ये होतं. मास्टरनी एकदा इकडं बघावं, नुसती हाक मारावी, मग जाईन, असं म्हणत मी तिथं वीस मिनिटं उभी होते. त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. रसवाला दोनदा विचारून गेला, काय देऊ ताई. मग मी रिक्षा केली आणि घरी आले.